आंतरपाटामागचे टाळ

११ जुलै, उमरगा

आज बोलले, आणि पोटातलं बोलले. अनिसाच्या अरफातच्या दुकानाचं उद्घाटन होतं. हायवेवर टायरची दुकानं संपतात तिथं काचेचं चकचकीत दुकान उभं राहिलंय. गाडीत बसवायचे स्पीकर, घरात ठेवायचे स्पीकर, ॲम्प्लिफायर, छाती हादरवणारे बासचे खोके. अनिसा आणि मी एकाच शाळेत आयुष्य काढलं, तिनं विज्ञान शिकवलं, मी मराठी. तिच्या मुलाच्या दुकानाला प्रमुख पाहुणी दुसरी कोण असणार?

फीत कापली. अरफातनं एका कोपऱ्यातली जोडी दाखवली. "मावशी, ही आपल्याकडची सगळ्यात भारी." किंमत विचारली. दोनदा विचारावी लागली, कारण आजकालची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. तिसऱ्यांदा त्यानं मोठ्यानं सांगितली तेव्हा माझं डोकं फिरलं. तेवढ्या पैशात एका शाळेचं वाचनालय उभं राहतं!

पाहुण्यानं चार गोड शब्द बोलावेत, पेढा खावा आणि निघावं, ही रीत मला माहीत आहे. पण माईक हातात आला की मला खोटं बोलवत नाही. मी म्हटलं, "बंधूंनो, स्वस्त खोक्यातूनही तोच गवई गातो आणि महागड्या खोक्यातूनही तोच गातो. किंमत वाढली म्हणून गवयाचा गळा सुधारत नाही! तुमच्या आजीनं जात्यावर ओव्या म्हटल्या तेव्हा जात्याला कुठला ॲम्प्लिफायर जोडला होता? हा श्रीमंतीचा देखावा आहे, कानांचं सुख नव्हे. आणि भर सभेत सांगते, ज्या दिवशी मला या खोक्याखोक्यांतला फरक ऐकू येईल, त्या दिवसापासून लाउडस्पीकर मला वर्ज्य. पुन्हा कधी लाउडस्पीकरवरून बोलणार नाही!"

टाळ्या पडल्या, पण पूर्वीसारख्या कडाडल्या नाहीत. लोक टाळ्यांतही कंजूष झालेत. अरफातचं तोंड पेढ्याएवढं झालं होतं. वाईट वाटलं. पण सत्याला नातं नसतं.

घरी आल्यावर हे माझ्यावर ओरडले. आमचे उत्तरेश्वरराव, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, जन्मात कधी कोणावर ओरडले नाहीत. हल्ली प्रत्येक वाक्य ओरडूनच बोलतात. वयानं माणूस चिडचिडा होतो असं वाचलंय.

१४ जुलै

अनिसा आली. म्हणे, बराच वेळ दारात उभी राहून बेल वाजवत होती. बेल बिघडली आहे, मी तीनदा सांगून झालं, यांना वेळ नाही. हे म्हणतात बेल चांगली आहे. वाद नको म्हणून मी विषय सोडला.

अनिसा माझ्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसली. ती नेहमी डावीकडेच बसते. "भामा, तू माझ्या पोराच्या पोटावर पाय दिलास गं. उद्घाटनाच्या दिवशी दोन गिऱ्हाइकं ठरलेली होती, तुझं भाषण ऐकून दोघंबी चहा पिऊन गेली. आता माणसं दुकानाच्या दारात गाडी उभी करतात आणि पलीकडं पंक्चर काढून घेतात."

"मी खोटं बोलले का?"

"ते बघू की. मी विज्ञानाची बाई हाय, भाषणानं माझं समाधान न्हाय होत. प्रयोग करू. दुकानात आंतरपाट धरायचा. लग्नात धरतात तसा. मागं तीन स्पीकर, एक स्वस्त, एक मधला, एक भारी. एकच गाणं तिन्हीवर वाजवायचं. पुढं माणसं बसवायची. फरक कळला तर हात वर."

मला हसूच आलं. आंतरपाट! नवरानवरी एकमेकांना दिसू नयेत म्हणून धरायचं कापड, इथं स्पीकर लपवणार! पण कल्पना अस्सल होती. मी म्हटलं, "मंजूर. मंगलाष्टकं मीच म्हणते."

"एक अट. सगळ्यांच्या आधी उत्तर तू द्यायचं. बाकीचे काय म्हणतात ते ऐकायच्या आधी. आणि पंच म्हणून विरेश डॉक्टरांना बोलावते."

"कसले डॉक्टर ते?"

ती काहीतरी म्हणाली, शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला: घसा. घशाचे डॉक्टर! बरंच झालं, वक्त्याच्या ओळखीत एक असावाच.

जाताना दारात थांबून तिनं विचारलं, "आणि हरलीस तर सतरा सप्टेंबरला काय करशील?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, खोटं कशाला लिहू. सतरा सप्टेंबर, मुक्तिसंग्रामाचा दिवस. झेंडावंदनानंतर शाळेच्या मैदानावर दरवर्षी माझं भाषण असतं. माझे वडील निजामाच्या काळात जळकोटच्या बाजारात बैलगाडीवर उभे राहून बोलले होते, त्यांच्या जागी मी बोलते. वर्षभर मी त्या एका सकाळसाठी वाचते. तो दिवस गेला तर मी उरते कुठं?

"हरणार नाही," मी म्हटलं.

२० जुलै

जळकोटला पर्यावरणावर व्याख्यान. चिमण्यांवर बोलले. आमच्या अंगणातल्या पारिजातकावर सकाळी केवढा कालवा असायचा, आता तीन वर्षं झाली एक चिवचिव नाही. मोबाइलचे मनोरे, औषधांची फवारणी, सगळ्यांना झोडपून काढलं. परतताना हे गाडीत म्हणाले, "चिमण्या हायेत अगं." मी पुरावे दिले. हे खिडकीबाहेर बघत बसले.

यांचं सकाळी दाढी करताना गुणगुणणंही बंद झालंय. पूर्वी आरशासमोर उभे राहून देवीच्या आराध्यांची पदं गुणगुणायचे. लग्नानंतर पहिल्यांदा मला आवडलेली यांची गोष्ट तीच. कधी थांबलं ते लक्षातही आलं नाही. विचारायचा धीर होत नाही. माणसाला आपल्या बायकोसमोर गुणगुणावंसं वाटेनासं होतं, त्याला काय कारण असेल?

२७ जुलै

जिंकले!

सगळं सविस्तर लिहिते. दुकान भरलं होतं. ट्रकवाले, दोन वकील, माझे जुने विद्यार्थी, बाजारच्या बायका. अनिसाची सून युसरा आणि शेजारची मल्लम्मा, दोघींनी आंतरपाट धरला. कापड मल्लम्माच्या मुलाच्या लग्नातलं, हळदीचे डाग तसेच. कोणीतरी ओरडलं, "अक्षता आणल्या का?" मल्लम्मा म्हणाली, "अक्षता तुझ्या डोक्यावर पडल्या त्याला दहा वरसं झाली, अजून फरक पडला का?" दुकान हसलं. मीही हसले, थोडं उशिरा, कारण ती काय म्हणाली ते शेजारच्या बाईनं मला परत सांगितलं.

डॉक्टर विरेश तरणाबांड, हसरा माणूस. पंच असून कापडाकडं बघायचं सोडून सारखा माझ्याकडं बघत होता. वक्तृत्वाचा चाहता असावा.

अरफातनं जळकोटच्या बायकांचं भजन स्वतः ध्वनिमुद्रित करून आणलं होतं. तेच तीनदा वाजवलं. मी डोळे मिटून ऐकलं. मृदंग, आणि मागं बायकांचा आवाज, जरा गुळमुळीत. पहिल्यांदा तेच. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

मी उठले. "तिन्ही सारखे! तसूभर फरक नाही. मृदंग तोच, गळा तोच. सिद्ध झालं!"

अरफात म्हणाला, "मावशी, आन् टाळ?"

"कुठले टाळ?"

"टाळ हो मावशी. भजनभर वाजतात की. पहिल्या स्पीकरवर पत्र्यासारखे, दुसऱ्यावर..."

"टाळ वाजतच नव्हते," मी ठणकावून सांगितलं.

आणि अख्खं दुकान चिडीचूप झालं. असं की हायवेवरचा ट्रक तेवढा ऐकू यावा. आयुष्यात शेकडो सभा जिंकल्या, पण एका वाक्यानं सभा अशी जागच्या जागी गोठलेली पहिल्यांदा बघितली. अनिसानं डॉक्टरांकडं बघितलं, डॉक्टरांनी मान हलवली. यांनी रुमाल काढून डोळे पुसले. अभिमानानं, दुसरं काय!

मग इतरांचे हात मोजले. स्वस्त खोका वेगळा आहे असं जवळजवळ सगळ्यांनी ओळखलं. पण मधला आणि भारी यांतला फरक एकालाही सांगता आला नाही. दोन्ही वकिलांनी तर मधल्यालाच भारी ठरवलं. शेवटी अरफातनंच कान पकडले. "खरं सांगतो मावशी, आंतरपाटाआड मलाबी कळंना." म्हणजे माझं म्हणणं निम्मं तरी सगळ्यांच्या देखत खरं ठरलं! पोरगं इमानदार. त्यानं तिथंच जाहीर केलं, "आजपासून मधला घ्या म्हणूनच सांगणार. भारी ज्याला मिरवायचा असेल त्यानं घ्यावा." यावर झालेल्या टाळ्या मला दिसल्या. आणि त्याच बैठकीत एका ट्रकवाल्यानं मधली जोडी बसवून घेतली.

सत्याचाही विजय आणि दुकानाचाही. असा निकाल न्यायालयात मिळत नाही.

२८ जुलै

पहाटेपासून एक खडा टोचतोय. बाकीच्या सगळ्यांनी स्वस्त खोका ओळखला. मल्लम्मानं ओळखला, वकिलांनी ओळखला. मी नाही.

मी अधिक तटस्थ होते, एवढंच.

५ ऑगस्ट

डॉक्टर विरेश चहाला आले. अनिसा सोबत. डॉक्टर माझ्या समोर बसून, तोंड माझ्याकडं ठेवून, स्वच्छ बोलतात. आजकालच्या पिढीत असा उच्चार दुर्मीळ! मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, माझ्या दवाखान्यात एक महागडं यंत्र आणलंय. आवाजाचंच. लोक विचारतात, डॉक्टर, एवढा खर्च कशाला? खरं का थोतांड, हे तुमच्यासारख्यांनी तपासावं असं वाटतं."

माझी ख्याती दवाखान्यापर्यंत पोचली म्हणायची. मी होकार दिला. अनिसा चहात बघून हसत होती. तिला वाटतं मला स्तुती आवडते. आवडते तर आवडते!

९ ऑगस्ट

यंत्र साफ बिघडलेलं आहे.

काचेच्या कपाटासारख्या खोलीत बसवलं, कानाला दोन वाट्या लावल्या, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आधी घू-घू असे जाड आवाज आले, मी दाबत गेले. मग यंत्र बंद पडलं. बराच वेळ काहीच नाही. काचेतून डॉक्टर मात्र खटाखट कळा दाबत होते. मी बाहेर येऊन सांगितलं, "डॉक्टर, तुमची फसवणूक झाली. निम्म्या वेळेला यात आवाजच येत नाही."

त्यांनी हे आणि अनिसा, दोघांनाही आत बसवलं. दोघांनी शेवटपर्यंत बटण दाबलं. बिघडलेलं यंत्र दोघांसाठी चालू झालं.

मग डॉक्टरांनी कागदावर उतरत जाणारी रेघ दाखवली. "बाई, इथपर्यंत तुमचे कान तरुण आहेत. इथून पुढं बारीक आवाज, टाळ, घुंगरू, पाखरं, लहान मुलांचं बोलणं, हे तुमच्यापर्यंत येतच नाही. हळूहळू गेलं, म्हणून कळलं नाही. कोणालाच कळत नाही. कानात घालायची यंत्रं मिळतात."

मी उठून आले.

१२ ऑगस्ट

तीन दिवस भांडतेय. यांच्याशी, अनिसाशी, भिंतीशी. मी म्हटलं, मी बहिरी नाही, जग पुटपुटतंय! मी म्हटलं, हाही धंदा, आधी रोग विकायचा मग औषध. यंत्राची किंमत ऐकली तेव्हा तर हसूच आलं. अरफातच्या कोपऱ्यातल्या भारी जोडीच्या तोडीस तोड! शेंगदाण्याएवढी वस्तू!

हे समोर येऊन बसले. ओरडले नाहीत. माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश बोलले. "तू अरफातच्या दुकानाचा न्याय कसा केलास?"

"ऐकून."

"मग तुझ्या कानाचा न्याय न ऐकता कसा करतीस?"

पोस्टमास्तर माणूस, आयुष्यभर लोकांची पत्रं पोचवली, स्वतःचं वाक्य मात्र वर्षातून एखादंच बोलतो. पण ते पत्त्यावर पोचतं.

दुपारभर विचार केला. दुकानातली ती शांतता आठवली. ती माझ्या युक्तिवादाची नव्हती. मला ती विजयाची वाटली. ती दयेची होती. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

आणि मनात खोल एक भीती आहे, ती फक्त इथंच लिहिते. ऐकू आलं तर फरक ऐकू येईल. फरक ऐकू आला तर माझा शब्द. माझा शब्द म्हणजे सतरा सप्टेंबर. बहिरी राहिले तर व्यासपीठ माझं आहे.

पण मी मुलांना आयुष्यभर काय शिकवलं? कान झाकून जिंकलेला वाद हा वाद नव्हे. डॉक्टरांना निरोप दिला, आठ दिवस घालून बघते. थोतांड निघालं तर जाहीर सभा घेईन. ते म्हणाले, "व्हय बाई, मंडप मी घालतो."

२१ ऑगस्ट

कुठून सुरुवात करू?

यंत्रं काल संध्याकाळी घातली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना कोणीतरी मागून येतंय असं वाटून वळले. कोणी नव्हतं. माझ्याच साडीची सळसळ! साडीला आवाज असतो हे मी विसरले होते. रस्ता अंगावर आला. बांगड्या, चावी, रिक्षाचा मीटर, सगळंच ओरडत होतं. मी कान झाकले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी असंच होईल, मग मेंदू आवरून घेईल.

आज सकाळी घातली आणि अंगणात गेले. पारिजातकावर चिमण्या! एकदोन नाही, भांडत, ओरडत, माझ्या बालपणीसारख्या. जळकोटच्या व्याख्यानानंतर फवारणी थांबली की काय? लोकांवर एवढ्या लवकर परिणाम होतो, मलाही वाटलं नव्हतं. बोलत राहिलं पाहिजे!

घरात कुकरची शिट्टी झाली. मागच्या महिन्यात मी कुकर बदलायला लावला होता, शिट्टी होत नाही म्हणून. जुना बिचारा माळ्यावर बसलाय.

बेल वाजली. दूधवाला. बेल चांगली आहे.

आणि मग न्हाणीघरापाशी मी थांबले. आत हे दाढी करत होते. गुणगुणत होते. तेच आराध्यांचं पद, दुसऱ्या ओळीवर नेहमीसारखेच बेसूर. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. पद संपलं, पुन्हा सुरू झालं. बाहेर आले तर मी समोर. मी विचारलं, "अहो, पुन्हा गुणगुणायला लागलात?"

त्यांनी गालावरचा साबण पुसला. माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाले, "व्हय. आजच सुरू केलं."

थोतांड नाही. डॉक्टरांना कळवलं, मंडप नको.

२४ ऑगस्ट

टाळता येत होतं. कोणी विचारलं नव्हतं. अरफातचं दुकान जोरात आहे. आंतरपाट धरून विकणारा दुकानदार म्हणून लातूरहून गाड्या येतात. त्यानं तो आंतरपाट मल्लम्माकडून कायमचाच मागून घेतलाय. गिऱ्हाइकानं आधी ऐकायचं, किंमत नंतर. भारी जोडी अजून कोपऱ्यातच आहे. माझ्या आठवणीसाठी ठेवलीय म्हणतो वात्रट.

मी एकटीच गेले. म्हटलं, "अरफात, तेच भजन लाव. स्वस्तावर."

"मावशी, कशाला आता? झालं-गेलं..."

"लाव म्हणते ना!"

पत्र्याच्या डब्यात चमचे हलवावेत तसं काहीतरी किणकिणलं. तेच टाळ. मग त्यानं मधल्या स्पीकरवर लावलं.

मी काय सांगू? टाळ उघडले आणि मिटले. प्रत्येक बाईचा टाळ वेगळा होता. एक म्हातारी मागं रेंगाळत होती, अर्धा ठोका उशिरा, आणि तरी तिच्यामुळंच सगळं भजन जिवंत होतं. मी खाली बसले. दुकानाच्या फरशीवर. ते गाणं संपेपर्यंत उठले नाही.

"फरक आहे," मी म्हटलं. "स्वस्तात आणि मधल्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी चुकले. आणि आता मला लाउडस्पीकर वर्ज्य."

अरफात घाबरला. "मावशी, असं नका करू. दुकानात आपण दोघंच हाय. कुणी ऐकलं न्हाय."

"मी ऐकलं," मी म्हटलं.

भारी जोडीही लावायला सांगितली. मधल्यात आणि त्यात मला आताही काडीचा फरक कळला नाही. ते निम्मं अजून माझंच.

३ सप्टेंबर

आण्णासाहेब आले, ध्वजवंदन समितीचे. "बाई, नेहमीप्रमाणं."

मी सगळं सांगितलं. ते हसले. मग मी हसत नाही हे बघून थांबले. "अहो बाई, दुकानातलं बोलणं ते! कोण धरून बसलंय?"

"मी धरून बसलेय."

ते गेले. दुसरा वक्ता बघतील. बघावाच. मी भाषणाच्या टिपणांचे कागद कपाटात ठेवून दिले. कपाटाचं दार कुरकुरलं तेही ऐकू आलं. सगळं ऐकू यायला लागलं आणि बोलायचं संपलं. देवाचा हिशेब असा असतो काय?

संध्याकाळी अनिसा आली. मी रडले, तिच्यासमोर चालतं. ती तांदूळ निवडायला मदत करता करता सहज म्हणाली, "तुझे वडील त्या बैलगाडीवरून बोलले, तेव्हा किती माणूस होतं गं?"

"अख्खा बाजार. वडील सांगायचे, बैल बिथरू नयेत म्हणून तुझे आजोबा बैलांची वेसण धरून उभे होते."

"ते ठाव हाय मला. मी विचारते, तेवढ्यांना ऐकू कसं गेलं?"

ती तांदळातले खडे काढत राहिली. ती गेल्यावर ओट्याशी उभी असताना मला एकदम एक कल्पना सुचली! पूर्णपणे माझी कल्पना. मी काय शपथ घेतली होती? लाउडस्पीकरवरून बोलणार नाही. बोलणार नाही असं कुठं म्हटलं?

आण्णासाहेबांना फोन केला. फोनमध्ये त्यांचा प्रत्येक शब्द स्पष्ट. "बाई, एवढ्या मैदानात? हायवेवरचे ट्रक आहेत, पोरं आहेत, माईकशिवाय?"

"माईकशिवाय."

१२ सप्टेंबर

रोज पहाटे यांच्याबरोबर गावाबाहेर जाते. हे बांधाच्या पार टोकाला उभे राहतात, मी या टोकाला. आवाज पोचला की हे टोपी वर करतात. पहिल्या दिवशी टोपी डोक्यावरच राहिली. मी ओरडत होते, शब्द फाटत होते.

मग कळलं, ओरडून आवाज जात नाही. शब्द सुटा करावा लागतो, श्वासावर बसवावा लागतो, आणि थांबावं लागतं. मुख्य म्हणजे ऐकावं लागतं, आपलाच आवाज परत कसा येतो ते. इतकी वर्षं मी माईकमध्ये बोलत होते आणि ऐकत नव्हते. आज टोपी तीनदा वर गेली. एका शेतकऱ्यानं यांना विचारलं, "मास्तर, घरात भांडण झालंय का?" हे म्हणाले, "न्हाय, मिटलंय."

हे उत्तरही मी बांधाच्या या टोकावरून ऐकलं!

१७ सप्टेंबर

झेंडा वर गेला. मैदान भरलं होतं. बातमी फुटली होतीच, बाई माईकशिवाय बोलणार म्हणून नेहमीपेक्षा दुप्पट माणूस. काही ऐकायला, काही माझी फजिती बघायला. अरफातनं स्वतः येऊन मंचावरचा माईक उचलून नेला. जाताना पाया पडला. "मावशी, लागला तर मी तारेसकट मागं उभा हाय."

"लागणार नाही."

उभी राहिले. समोर गलका. पोरं, शेंगा विकणारे, पलीकडं ट्रकांचे हॉर्न. मी बोलले नाही. पूर्वी अशा वेळी मी माईक ठोकून "शांत बसा" म्हणायचे. आज उभी राहिले आणि ऐकलं. डावीकडच्या वर्गाचा गलका कमी झाला, मग उजवीकडचा. कोणीतरी डब्याचं झाकण लावलं. एक लेकरू हिरवळीवर पळत होतं, त्याच्या पायातले वाळे वाजत होते, आईनं त्याला उचललं आणि ते थांबले. ते वाळे मी ऐकले! मग उरली शांतता. ही दयेची नव्हती.

मी म्हटलं, "माझे वडील बैलगाडीवर उभे राहिले होते."

शब्द गेला. मैदानाच्या टोकाच्या भिंतीवरून परत आला. शेवटच्या रांगेत हे उभे होते. टोपी वर गेली.

मग मी बोलले. त्या बाजाराबद्दल बोलले, बंदी असताना बोलण्याबद्दल, बैलांची वेसण धरून उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल. म्हटलं, "बोलणाऱ्याचं नाव इतिहास लिहून ठेवतो. पण बैल बिथरले असते तर भाषण झालं असतं का? ज्यानं वेसण धरली, तोही त्या दिवशी बोललाच होता. न बोलता!" अनिसा कुठं बसलीय ते दिसत नव्हतं, पण कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला आणि मी ओळखला. मग स्पीकरच्या दुकानाचंही बोलले. सांगितलं की मी चुकले होते, निम्मी. सांगितलं, मिरवायला एक पैसा खर्चू नका. पण ज्यानं चिमणी ऐकू येते, त्याची किंमत करताना हात आखडू नका. पंचाहत्तरीच्या बायका माझ्याकडं बघून आपापल्या कानांना हात लावत होत्या. डॉक्टर विरेशांना पुढचा महिनाभर जेवायला फुरसत मिळणार नाही.

मी थांबले. आणि टाळ्या.

लोक कंजूष नव्हते. कधीच नव्हते. पहिल्या रांगेतून सुरू होऊन मागच्या भिंतीपर्यंत गेल्या आणि फिरून माझ्यावर आल्या. एक म्हातारी अर्धा ठोका उशिरा वाजवत होती. मी डोळे मिटले आणि ती एकेक टाळी वेगळी वेगळी ऐकली.

मंचावरून उतरून गर्दीतून वाट काढत मागं गेले. हे आणि अनिसा पाठमोरे उभे होते, मला बघितलं नव्हतं. अनिसा अगदी हळू म्हणाली, "भाऊजी, आता सांगायचं का तिला? आंतरपाट, डॉक्टर, सगळं?"

"नको," हे त्याहून हळू म्हणाले. "तिनंच जिंकलंय. तसंच राहू दे."

मी दोन पावलं मागं सरकले. मग मोठ्यानं खाकरले आणि विचारलं, "काय बोलताय दोघं? काही ऐकू आलं नाही मला."

ऐकू यायला लागल्यावर काय ऐकायचं नाही, हेही शिकावं लागतं.